मलिगन्स फ्लॅटची ट्वायलाइट टूर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

कॅनबेरात नवीन आलेल्या आपल्या लोकांची प्राण्यांची यादी ठरलेली असते, कांगारू आणि कोआला. कांगारू तर गंगालिनकडे घर घेतलं की संध्याकाळी पाय मोकळे करायला निघाल्यावर रस्त्याकडेलाच चरताना दिसतात, कोआलासाठी टिडबिनबिलाला एक चक्कर होते आणि मग यादी संपते. पण याच गंगालिनमधे, फोर्ड आणि थ्रॉस्बीच्या घरांच्या अगदी पाठीमागे, मलिगन्स फ्लॅट नावाचं एक जंगल आहे जिथे अंधार पडल्यावर असे दोन प्राणी हिंडतात जे ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून कित्येक दशकं पूर्ण नाहीसे झाले होते. एक मागच्या पायांवर उड्या मारणारा ईस्टर्न बेटॉंग आणि दुसरा अंगभर ठिपके असलेला, मांसाहारी ईस्टर्न क्वोल. दोघंही मार्सुपियल, म्हणजे पोटाला पिशवी असलेले, आणि दोघंही रात्रीचे. दिवसा शंभर वेळा गेलात तरी ते दिसणं कठीण. त्यासाठी गाइडबरोबरची संध्याकाळची टूर करावी लागते आणि ती नीट तयारी करून केली तर खूप काही पदरात पडतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी: हे झू नाही

हे डोक्यात पक्कं करूनच बुकिंग करा. इथे पिंजरे नाहीत, ठरलेल्या जागी खायला टाकून प्राणी समोर आणणं नाही. प्राणी पूर्णपणे जंगली आहेत, स्वतःचं खाणं स्वतः शोधतात, त्यांना वाटलं तर दिसतात नाहीतर नाही. ताडोबाला जाऊन आलेल्यांना हे लगेच कळेल, वाघ दिसेलच असं तिथेही कोणी लिहून देत नाही. फरक एवढाच की इथे जिप्सी नसते, आपण पायी असतो, अंधारात असतो, आणि शोधायचा प्राणी एक-दोन किलोचा असतो.

मग कुंपण कशाला, असा प्रश्न सगळेच विचारतात. ते आतल्या प्राण्यांना डांबून ठेवायला नाही, बाहेरच्या कोल्ह्यांना आणि मांजरांना अडवायला आहे. युरोपातून आलेल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात शिकारीची हौस म्हणून कोल्हे आणून सोडले, मांजरं त्याआधीच जहाजांतून आली होती, आणि इथल्या छोट्या मार्सुपियलना असल्या शिकाऱ्यांची सवयच नव्हती. त्यात मेंढ्यांच्या कुरणांसाठी जंगल साफ केलं गेलं, ससे मारायला विष टाकलं गेलं, आणि बेटॉंग मुख्य भूमीवरून विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतच संपला. क्वोल जरा जास्त टिकला, पण त्याचीही शेवटची खात्रीशीर नोंद १९६३ मधली, सिडनीच्या व्होक्लूजची. दोघंही वाचले ते टास्मानियात, कारण तिथे कोल्ह्यांनी कधी बस्तान बसवलं नाही.

२००९ मधे मलिगन्स फ्लॅटभोवती साडेअकरा किलोमीटरचं कुंपण पूर्ण झालं, आत साधारण ४८५ हेक्टर जंगल. आतले कोल्हे, मांजरं, ससे काढले. मग २०१२ मधे टास्मानियातून बेटॉंग आणून सोडले आणि २०१६ मधे क्वोल. नंतर शेजारच्या गूरूयारूचा भाग जोडून कुंपणातली जागा बाराशे हेक्टरच्या वर गेली. कुंपण जवळून बघाल तेव्हा दोन गोष्टी नक्की बघा, एक म्हणजे जाळीचा खालचा भाग बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरलेला असतो म्हणजे कोल्ह्याला उकरून आत शिरता येत नाही, आणि वरचं टोक मुद्दाम लुळं आणि बाहेर झुकलेलं असतं म्हणजे चढणाऱ्याच्या वजनाने ते डोलतं आणि तो खाली पडतो. पण हे सगळं बाहेरून चढणाऱ्यासाठी, आतून चढणाऱ्या क्वोलला ते अडवत नाही! पहिल्या वेळी सोडलेल्यांपैकी काही क्वोल असेच चढून बाहेर गेले आणि मारले गेले. मग पुढच्या वर्षी पिशवीत पिल्लं असलेल्या माद्याच सोडल्या, कारण लेकुरवाळी मादी लांब भटकायला जात नाही, आपल्या बिळाजवळ राहते. तेव्हा कुठे त्यांचा जम बसला. तुम्हाला जर क्वोल दिसला तर तो याच खटाटोपाचा वंशज असणार, हे लक्षात ठेवून बघा.

कधी जायचं

टूर सूर्यास्ताच्या आसपास सुरू होते त्यामुळे वेळ महिन्यागणिक बदलते. डिसेंबरमधे कॅनबेरात सूर्य आठच्या पुढे मावळतो आणि जूनमधे पाचच्या सुमारास, म्हणजे मित्राने मागच्या उन्हाळ्यात सांगितलेली वेळ तुम्हाला थंडीत चालणार नाही, बुकिंगवरचीच वेळ धरा. शाळेत जाणारी लहान मुलं असतील तर थंडीतली टूर सोयीची कारण मुलं झोपायच्या वेळेला घरी येतात. पण थंडी म्हणजे कॅनबेराची थंडी, जुलैत रात्री पारा शून्याला टेकतो आणि खालीही जातो.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने ऑक्टोबर ते डिसेंबर बघावं. हवा बरी असते आणि क्वोलची पिल्लं याच काळात बिळाबाहेर पडायला लागतात. क्वोल थंडीच्या सुरुवातीला जोडी जमवतात, जेमतेम तीन आठवड्यांत पिल्लं होतात, तांदळाच्या दाण्याएवढी, आणि कधीकधी तीस-तीस. मादीला सड मात्र साधारण सहाच. जी सहा आधी पोचतात ती जगतात. पुढे पिल्लं पिशवीत मावेनाशी झाली की आई त्यांना बिळात ठेवून शिकारीला जाते, आणि वसंत संपता संपता तीच पिल्लं दंगामस्ती करत बाहेर येतात.

बुकिंग

टूर वुडलॅंड्स अँड वेटलॅंड्स ट्रस्ट घेतं. ऑनलाइन बुकिंग आधी करायचं, आयत्या वेळी जाऊन तिकीट मिळेल या भरवशावर निघू नका कारण ग्रुप छोटे असतात आणि शनिवारच्या जागा लवकर भरतात. बुकिंग करताना तीन गोष्टी वाचा: मुलांसाठी वयाची अट, किती चालायचंय, आणि पाऊस-वादळ आलं तर काय. शेवटची गोष्ट महत्त्वाची, कारण जोराचा वारा असला की जुन्या युकॅलिप्टसच्या फांद्या मोडून पडतात आणि अशा रात्री टूर रद्द होऊ शकते, ते तुमच्या जिवासाठीच असतं, हुज्जत घालू नका.

आपल्याकडे आठ-दहा कुटुंबं मिळून जायची सवय असते आणि पिकनिकला ते छानच, पण इथे माझं ऐका, दोन कुटुंबांच्या वर एका वेळी जाऊ नका. ओळखीचे जितके जास्त तितक्या गप्पा जास्त, आणि गप्पांचा आवाज आला की बेटॉंग गवतात गडप.

आधी एकदा दिवसा जाऊन या

हे कोणी सांगत नाही पण फार उपयोगी पडतं. दिवसा रिझर्व्ह सगळ्यांना फुकट उघडं असतं, फोर्डच्या बाजूने एमी ॲकमन स्ट्रीटकडून आत जाता येतं. तासभर चाला. जमीन कशी आहे, चढ किती आहे ते कळतं, आणि मुख्य म्हणजे भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आले असतील तर त्यांच्या गुडघ्यांना कितपत झेपेल याचा अंदाज येतो. जे उजेडात, स्वतःच्या वेगाने, अडखळत जमतंय ते अंधारात ग्रुपबरोबर जमेलच असं नाही, तेव्हा त्यांना वाटलं की नको तर आग्रह करू नका, दिवसाची चक्करच त्यांच्यासाठी खास करा.

दिवसाच्या उजेडात जमिनीवर बारकाईने बघा, जागोजागी छोटे छोटे खड्डे उकरलेले दिसतील. ते बेटॉंगचं काम. जमिनीखाली उगवणारी बुरशी, म्हणजे ट्रफल, हे त्याचं आवडतं खाणं, आणि ते शोधताना एकेक बेटॉंग वर्षभरात टनावारी माती उलटीपालटी करतो. त्या खड्ड्यांत पाणी मुरतं, पालापाचोळा साठतो, बी रुजतं, आणि बुरशीचे बीजाणू त्याच्या विष्ठेतून जंगलभर पसरतात, तीच बुरशी झाडांच्या मुळांना पाणी आणि पोषण मिळवून देते. म्हणजे बेटॉंग गेला तेव्हा जंगलाची मशागत करणाराच गेला होता. इथलं यलो बॉक्स आणि ब्लेकलीज रेड गम या युकॅलिप्टसच्या झाडांचं गवताळ जंगल आधीच देशभर अगदी थोडं उरलंय, त्याला हा प्राणी परत मिळणं किती मोठी गोष्ट आहे ते हे खड्डे बघितल्यावरच मला खरं कळलं. आडवे पडलेले मोठे ओंडकेही दिसतील, त्यातले बरेचसे मुद्दाम आणून टाकलेत, जवळजवळ २००० टन, कारण सरडे, किडे, छोटे प्राणी सगळ्यांना पडलेलं लाकूड लागतं आणि पूर्वी ते सरपणाला उचलून नेलं गेलं होतं. तेव्हा मुलांना सांगा की काटक्या, ओंडके हलवायचे नाहीत.

काय घालायचं, काय न्यायचं

बूट बंद आणि पक्के, सँडल अजिबात नको, मग उन्हाळा का असेना, कारण उन्हाळ्यात साप असतात. येताना बुटांना लागलेली माती, तणाचं बी आधीच झाडून या. फुल पँट. थंडीत तीन थर, टोपी, हातमोजे, आणि हे लक्षात घ्या की तुम्ही भराभर चालत नसता, बराच वेळ एका जागी उभे असता त्यामुळे अंगात ऊब येत नाही, घरातून निघताना जेवढं पुरेल वाटतं त्याच्या वर एक जाकीट घ्या. आणि ते जाकीट असं घ्या की चालताना सळसळत नाही, पावसाळी कोटाचा आवाज शांततेत भयंकर मोठा वाटतो. रंग गडद असलेला बरा.

पाण्याची बाटली घ्या. खाणं टूरच्या आधी उरकून या, चिवड्याचं पाकीट जंगलात उघडू नका, एक तर कुरकुर आवाज आणि दुसरं म्हणजे सांडलेलं खाणं प्राण्यांच्या पोटात जाऊ नये. डास पळवायचं क्रीम गाडीतच लावा. परफ्युम, अत्तर त्या दिवशी राहू द्या, या प्राण्यांचं सगळं जग वासावर चालतं. बायनॉक्युलर असेल तर आणा, अंधार पडण्याआधीच्या अर्ध्या तासात कांगारू, वॉलबी, पक्षी बघायला कामी येतो.

पोचायचं कसं

बुकिंगमधे भेटायची जागा दिलेली असते ती नीट वाचा. रिझर्व्हला आत शिरायला वेगवेगळ्या बाजू आहेत, फोर्डच्या गेटवर जाऊन थांबलात आणि ग्रुप थ्रॉस्बीच्या वाइल्डबार्क सेंटरला असला तर संध्याकाळ वाया. सिटीतून गाडीने वीस-पंचवीस मिनिटं धरा. गाडी नसेल तर लाइट रेलने गंगालिनपर्यंत येऊन पुढे टॅक्सी किंवा उबर सोपं, रात्री परत जायचं आधीच ठरवून ठेवा. पंधरा मिनिटं आधी पोचा आणि टॉयलेटला तेव्हाच जाऊन घ्या, आत सोय नसते.

सुरुवातीला गाइड नन्नवल लोकांचा, म्हणजे या भूमीच्या मूळ लोकांचा, आदराने उल्लेख करतात. तेव्हा मोबाइल खिशात ठेवून शांत उभं राहा. गेटमधून जाताना एक दार पूर्ण लागल्याची खात्री करूनच दुसरं उघडायचं आणि शेवटच्या माणसाने परत तपासायचं, एक कोल्हा आत शिरला तर काही रात्रींत किती नुकसान होऊ शकतं ते गाइडला विचारा.

आत गेल्यावर

टॉर्च लाल फिल्टरचा असतो. निशाचर प्राण्यांच्या डोळ्यांना लाल उजेडाचा त्रास कमी होतो, पांढरा झोत डोळ्यांवर पडला तर त्यांना बराच वेळ धड दिसत नाही आणि तेवढ्यात घुबडाने झडप घातली तर संपलं. म्हणून फोनचा फ्लॅश, फोनची लाइट, स्मार्टवॉचची स्क्रीन, मुलांचे चमचमणारे बूट, सगळं बंद. फ्लॅशशिवाय फोनने अंधारात लाल उजेडातले फोटो काही धड येत नाहीत, तेव्हा फोटोचा नाद सोडा आणि डोळ्यांनी बघा, तुमचे डोळे वीस-तीस मिनिटांत अंधाराला सरावतात आणि मग आश्चर्य वाटेल इतकं दिसायला लागतं, पण मधेच एकदा फोन बघितलात की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

ट्रॅक सोडायचा नाही. गाइडच्या पुढे जायचं नाही. काही दिसलं तर ओरडायचं नाही, शेजारच्याच्या खांद्याला हात लावून बोट दाखवायचं. आणि ऐकायचं, कारण अंधारात कान आधी काम करतात. सुक्या पानांत टुणुक टुणुक अशी छोटी उडी ऐकू आली तर बेटॉंग असू शकतो. दीड-दोन किलोचा, करडा-तपकिरी, पाठ गोल करून मागच्या दोन पायांवर उड्या मारतो आणि चाहूल लागली की सरळ रेषेत सुसाट सुटतो. शेपूट जरूर बघा, त्या शेपटीत गवताची पेंढी गुंडाळून तो घरट्याकडे नेतो. दिवसा तो दाट गवतात विणलेल्या त्या घरट्यात झोपतो, तेही इतकं बेमालूम की शेजारून गेलात तरी कळणार नाही.

क्वोल वेगळाच. तो उड्या मारत नाही, चार पायांवर धावतो, थांबतो, हुंगतो, ओंडक्यावर चढतो. अंगभर पांढरे ठिपके पण शेपटीवर ठिपके नसतात. रंग दोन, पिवळट-तपकिरी आणि काळा, एकाच आईची पिल्लं दोन्ही रंगांची असू शकतात. मांसाहारी आहे, किडे-अळ्या भरपूर खातो, धीट असतो, कधीकधी ग्रुपच्या अगदी जवळून जातो, तेव्हा हालचाल करू नका आणि हात तर अजिबात पुढे करू नका.

झाडांवर बघायला विसरू नका. ब्रशटेल पॉसम जाड झुबकेदार शेपटीचा, रिंगटेल छोटा आणि शेपटीचं टोक पांढरं. शुगर ग्लायडर दिसला तर नशीब, पुढच्या आणि मागच्या पायांमधली कातडी ताणून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. मोडक्या फांदीसारखा दिसणारा पक्षी टॉनी फ्रॉगमाउथ, त्याला लोक घुबड म्हणतात पण तो घुबड नाही. आणि रडल्यासारखी लांबलचक, अंगावर काटा आणणारी हाक आली तर घाबरू नका, तो बुश स्टोन-कर्ल्यू. आपल्याकडे माळरानावर करवानक असतो ना मोठ्या पिवळ्या डोळ्यांचा, त्याचाच इथला भाऊबंद. इथून तोही नाहीसा झाला होता आणि २०१४ पासून परत आणून सोडलाय. मुलांना आधीच सांगून ठेवा नाहीतर खरंच भूत समजतात. एकिडना, म्हणजे काटेवाला, तोही भेटू शकतो पण तो मार्सुपियल नाही, अंडी घालतो.

मुलांबद्दल एकच. घरून निघण्याआधी त्यांना एकेक काम वाटून द्या, एकाने फक्त आवाज मोजायचे, एकाने झाडं बघायची. काम असलं की मुलं मोठ्यांपेक्षा शांत राहतात. प्रॅम नको, लहान बाळ असेल तर दोघांपैकी एकाने घरी थांबावं आणि पुढच्या वेळी दुसऱ्याने जावं.

आणि प्रश्न विचारा, मोकळेपणी. आपले लोक इंग्रजीच्या संकोचाने गप्प राहतात पण इथले गाइड या प्राण्यांसाठी जीव टाकतात, साधा प्रश्न विचारला तरी भरभरून सांगतात. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचे संशोधक इथे वर्षानुवर्षं काम करतायत, त्यांचं सध्या काय चाललंय हे हमखास विचारा.

परतताना

गाडी सावकाश. संध्याकाळ आणि रात्र ही कांगारू रस्त्यावर यायची वेळ आणि गंगालिनच्या कडेचे रस्ते त्यांच्या वाटेतच आहेत. एक ओलांडून गेला की मागून दुसरा येतो, हे धरूनच चाला. अचानक समोर आला तर सरळ ब्रेक लावा, स्टिअरिंग वळवून झाडावर जाऊ नका. धडक झालीच, किंवा जखमी कांगारू दिसला, तर ऍक्सेस कॅनबेराला १३ २२ ८१ वर फोन करा, ते रेंजरला कळवतात. स्वतः जवळ जाऊन उचलायचा प्रयत्न करू नका, घाबरलेल्या कांगारूची लाथ फार जोरात बसते.

आणि फोर्ड, बॉनर, थ्रॉस्बीकडे घर घेतलं असेल आणि मुलं मांजर मागत असतील तर नियम आधी वाचा. फोर्ड आणि बॉनर सुरुवातीपासून मांजर घरातच ठेवायचे सबर्ब आहेत, आणि १ जुलै २०२२ नंतर जन्मलेलं मांजर तर कॅनबेरात कुठेही राहत असलात तरी मोकळं सोडता येत नाही. घरात ठेवा, नाहीतर अंगणात जाळीचा बंदिस्त मांडव करून घ्या. मांजर तिथेही मजेत राहतं.